हौसेचे जहाज, अडचणीतला आसरा

आमचे बुऱ्हाणपूर समुद्रापासून फार दूर. येथे पाणी म्हणजे तापी आणि दूरदेशीचे वाहन म्हणजे आगगाडी. तरीही सागरावरून आलेल्या तुफानी पावसाची झळ आम्हांस घरबसल्या लागते. मुंबईच्या बाजूस रूळ पाण्याखाली गेले, की तिकडे निघालेल्या गाड्या वाटेतल्या स्थानकांवर थोपवून धरल्या जातात आणि शेकडो अनोळखी माणसे आमच्या दाराशी येऊन थांबतात.

काही पावसाळ्यांपूर्वी अशीच एक गाडी आमच्या स्थानकात रात्री उशिरापर्यंत खोळंबली होती. मी एका परिचितास घ्यावयास गेलो होतो. फलाटावर बसावयास जागा नव्हती. एक बाई तान्हे मूल पदराखाली घेऊन पावसाच्या झडीत भिंतीला टेकून उभी होती. मला आमचे सभागृह आठवले. तेथे सतरंज्या होत्या, पंखे होते, नळाला पाणी होते आणि त्या रात्री ते अगदी रिकामे होते. पण किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ परगावी गेलेले. दुसरी किल्ली शोधण्यात, कोणाला विचारावे आणि उद्या कोणी बोल लावला तर काय सांगावे, याचा विचार करण्यात दोन तास गेले. अखेर किल्ली मिळाली. ती घेऊन मी स्थानकात पोहोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती.

वाचकहो, त्या किल्लीचे ओझे अजून माझ्या खिशातून गेलेले नाही. म्हणून ज्यांनी आपले दार वेळेवर उघडले, अशा काहींची हकीकत आज सांगावीशी वाटते.

पहिली हकीकत आपल्या महाराष्ट्रातलीच. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात सापडली. चोहीकडे पाणी, मध्ये गाडी आणि तिच्यात सुमारे १,०५० माणसे. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले, नौदल आले, आसपासचे गावकरीही धावले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्वजण सुखरूप बाहेर आले. मग बदलापुरातील एक मंगल कार्यालय त्यांच्यासाठी उघडण्यात आले आणि पुढे कल्याणहून कोल्हापूरसाठी खास गाडी सोडण्यात आली. ज्या मांडवात एरवी सनई वाजते आणि पंगती उठतात, तेथे त्या दिवशी डॉक्टर बसले आणि ओलेचिंब प्रवासी विसावले. आनंदासाठी बांधलेली वास्तू संकटात कामास आली. तिच्या भिंती हलवाव्या लागल्या नाहीत की छप्पर बदलावे लागले नाही. केवळ दार उघडावे लागले.

समुद्रावर अशीच एक वास्तू असते. तिला क्रूझ म्हणतात. ही हौशी प्रवाशांना बेटाबेटांवरून सहल घडविणारी प्रचंड आगबोट. तिच्यावर नाचगाण्याचे दिवाणखाने असतात, पोहण्याचे हौद असतात. असल्या विलासाकडे पाहून माझ्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते, हे मी कबूल करतो. परंतु क्षणभर चैनीकडे डोळेझाक करून पाहिले तर ही बोट म्हणजे एक तरंगते गावच आहे. ती स्वतःची वीज स्वतः निर्माण करते, समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करते. हजारोंचा स्वयंपाक होईल अशी मुदपाकखाने तिच्यावर असतात, दवाखाना असतो आणि प्रत्येकाला निजावयास स्वतंत्र बिछाना असतो. चक्रीवादळ एखाद्या बेटावरून जेव्हा नेमके वीज, पाणी, अन्न आणि छप्पर ओरबाडून नेते, तेव्हा यांपैकी प्रत्येक वस्तू तिच्यापाशी तयार असते.

सप्टेंबर २०१७ मध्ये याची प्रचीती आली. त्या महिन्यात कॅरिबियन समुद्रातील बेटांवर प्रथम इर्मा आणि दोन आठवड्यांच्या आत मारिया अशी दोन भयंकर चक्रीवादळे कोसळली. २० सप्टेंबर रोजी मारियाने पोर्तो रिको बेट झोडपले. सारे बेट अंधारात गेले. काही वस्त्यांत वीज परत येण्यास जवळजवळ एक वर्ष लागले. विमानतळ बंद पडलेले, अन्नपाण्याची ददात. अशा वेळी रॉयल कॅरिबियन कंपनीने आपल्या ‘ॲडव्हेंचर ऑफ द सीज’ या बोटीची ३० सप्टेंबरची ठरलेली सहल रद्द केली. सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट क्रॉय येथे मदतीचे सामान उतरवून तिने तेथील अडकलेल्या माणसांना घेतले आणि ३ ऑक्टोबरला सुमारे ३,८०० जणांना अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल बंदरी उतरविले. त्यांच्याकडून भाडे घेतले नाही.

हे काम ऐकावयास सोपे वाटते. करावयास तसे नसते. वादळानंतर बंदराच्या तळाशी बुडालेल्या होड्या आणि मोडतोड पडलेली असते, वाट दाखविणारे बोये जागचे हललेले असतात. पाण्याची खोली पुन्हा तपासल्यावाचून एवढी मोठी बोट आत आणता येत नाही. शिवाय समुद्रात संकटात सापडलेल्यांस वाचविणे हे प्रत्येक कप्तानावर कायद्याने बंधनकारक आहे; १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ते बंधन दृढ केले. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या निराश्रितासाठी सहल रद्द करावी, असे तो करार सांगत नाही. तेथे कायदा थांबतो आणि माणुसकी सुरू होते.

येथे कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल, “फादर, ही कसली माणुसकी? त्या कंपन्यांचा धंदाच त्या बेटांवर चालतो. नाव झाले, जाहिरात झाली.” शंका रास्त आहे. २००५ साली कॅटरिना वादळानंतर अमेरिकन सरकारने कार्निव्हल कंपनीच्या तीन बोटी सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतल्या. करार २३ कोटी ६० लाख डॉलरांचा होता आणि आरंभी कित्येक खाटा रिकाम्याच राहिल्या, म्हणून त्या खर्चावर तेथील लोकप्रतिनिधींनी कडक टीका केली. अशा व्यवहाराचा हिशेब मागितलाच पाहिजे. आपत्तीच्या नावावर कोणी गबर होता कामा नये.

पण हेतू शंभर नंबरी शुद्ध होईपर्यंत बोट बंदरातच ठेवावी काय? आमच्या गावात मोगल अमदानीतील अकबरी सराय आजही उभी आहे. दख्खनच्या या दरवाज्याशी येणारे तांडे अशा सरायांत उतरत. त्या बांधण्यात भूतदया होती तशी व्यापाराची सोयही होती. थकून आलेल्या वाटसरूने मात्र बांधणाऱ्याच्या मनाचा ताळेबंद मागितला नसेल. त्याला ओसरी हवी होती. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाला ज्या उतारशाळेत नेले, तिचा मालकही पैसे घेऊनच सेवा करणारा होता. तरीही त्याचे दार उघडे नसते तर त्या जखमी माणसाची रात्र कोठे गेली असती?

मला अधिक सलते ते निराळेच. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळाने बहामा बेटे उद्ध्वस्त केली. ‘ग्रँड सेलिब्रेशन’ ही सहलीची बोट मदतीचे सामान घेऊन फ्रीपोर्ट बंदरात गेली आणि जवळजवळ दीड हजार माणसांना घेऊन फ्लोरिडास परतली. पण त्याच सुमारास त्याच बंदरातून निघणाऱ्या दुसऱ्या एका प्रवासी बोटीवरून शंभराहून अधिक माणसांना, ती चढून बसल्यावर, खाली उतरविण्यात आले. कारण त्यांच्यापाशी अमेरिकेचा व्हिसा नव्हता. जागा होती, बोट होती, वारा पडला होता, कागद नव्हता. लेकरांना कडेवर घेऊन ती माणसे शिडी उतरली असतील तेव्हा त्यांना काय वाटले असेल?

आणि या बोटींवर राबणारी माणसे कोण? त्यांत आपलीही पुष्कळ मुले आहेत. गोमंतकीय खलाशी आणि खानसामे पिढ्यान् पिढ्या आगबोटींवर नोकरी करीत आले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावांच्या नावाने ‘कूड’ आहेत, तेथे बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशाला अल्प पैशांत पथारी मिळत असे. दुसऱ्यांना निवारा देणाऱ्या या मुलांवरही पाळी आली. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात ‘मरेला डिस्कव्हरी’ बोटीवरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी, त्यांत कितीतरी गोव्याचे, मुंबईच्या किनाऱ्यासमोर दिवसेंदिवस ताटकळत राहिले. समोर मायभूमी दिसत होती, पण उतरण्याची परवानगी नव्हती. रोगाचे भय खरे होते, सावधगिरीही योग्य होती. अखेरीस तपासणी करून त्यांना उतरवून घेण्यात आले. परंतु अडकलेला माणूस म्हणजे नेहमी दुसराच कोणी असतो, हा आपला समज त्या दिवसांत खोटा ठरला.

या साऱ्या हकीकतींतून मला एकच गोष्ट उमगते. संकटकाळी फार मोठे नवे काही उभारावे लागते असे नाही. ज्याच्यापाशी जे आहे, मग ते जहाज असो, मंगल कार्यालय असो की चार सतरंज्यांचे सभागृह असो, ते वेळेवर उघडावे लागते. उशिरा उघडलेले दार बंद दारासारखेच. आणि वेळेवर उघडावयाचे तर ठरवावे लागते आधी, कोरड्या दिवसांत: किल्ली कोणाकडे, पाणी कोण भरील, दिवा कोण लावील, स्थानकावर निरोप कोण नेईल. फलाटावर पाऊस सुरू झाल्यावर हे ठरविता येत नाही. ते मी अनुभवाने शिकलो आहे.

आमच्या सभागृहाच्या किल्लीची आता दुसरी प्रत करविली आहे. ती माझ्या दाराच्या आत, हात पोहोचेल अशा खिळ्यावर टांगलेली असते. शेजारच्या दोन कुटुंबांना ती ठाऊक आहे आणि ती घ्यावयास माझी परवानगी लागत नाही. त्या बाईला आणि तिच्या बाळाला तिचा उपयोग झाला नाही. पुढच्या गाडीला व्हावा.