तीन महिन्यांचा ग्राफिक डिझाइन कोर्स आणि टिकणारी उमेद

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावांत एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर जाहिराती झळकतात : तीन महिन्यांत ग्राफिक डिझायनर व्हा. वर्गात येणारी मात्र नुसती कॉलेजची मुलं नसतात. बी.कॉम. होऊन नोकरी शोधणारा असतो, मुलं शाळेत जायला लागल्यावर स्वतःचं काही उभं करू पाहणारी एखादी ताई असते, फ्लेक्सच्या दुकानात मशिन चालवणारा आणि आता संगणकासमोर बसायचं ठरवलेला कामगार असतो. या सगळ्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. एवढ्या दिवसांत खरंच काही हाती लागतं का? आणि एआय आल्यावर हे शिकण्यात अर्थ उरला आहे का?

दोन्हींना माझं उत्तर ‘हो’ आहे. पण या कामातली उमेद कुणी पाठ थोपटली म्हणून टिकत नाही. आपण केलेली पत्रिका छापून आली, लोकांना ती नीट वाचता आली, रंग जसा हवा तसा उतरला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की ती टिकते. म्हणून थोड्या दिवसांत नेमकं काय शिकायचं, हे आधी ठरवायला हवं.

कोर्स निवडताना

मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतला पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा ट्रेड असतो. खासगी क्लासचे कोर्स तीन ते सहा महिन्यांचे. तीन महिन्यांत चार वर्षांचं शिक्षण मिळणार नाही, हे उघड आहे. मात्र एखाद्या छापखान्यात किंवा डीटीपी सेंटरमध्ये उपयोगी पडेल इतकं काम या मुदतीत नक्की शिकता येतं.

‘नोकरीची हमी’ या शब्दांकडे लक्ष देऊ नका. त्यापेक्षा चार गोष्टी विचारा. तासाव्यतिरिक्त सरावाला संगणक मिळेल का? केलेलं काम कागदावर छापून तपासतात का? एकदा तरी प्रेसमध्ये नेऊन दाखवतात का? आणि मराठी मजकुराचं सेटिंग शिकवतात का? शेवटच्या प्रश्नाला शिक्षक गडबडले तर दुसरा क्लास बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअरचा गोंधळ

आपल्याकडच्या छापखान्यांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ अजून जोरात चालतं. जाहिरात संस्थांमध्ये इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप लागतात, पुस्तकांच्या मांडणीला इनडिझाइन. सगळं एकदम शिकायचा हट्ट धरू नका. रेषांवर चालणारं, म्हणजे व्हेक्टरचं, एक सॉफ्टवेअर आणि फोटोंचं एक, एवढं पुरे. लोगो व्हेक्टरमध्येच करतात, कारण तो व्हिजिटिंग कार्डावर छापा की दुकानाच्या पाटीवर, त्याच्या कडा फाटत नाहीत. फोटो पिक्सेलचा बनलेला असतो, तो ताणला की फुटतो.

विकत घेण्याइतके पैसे नसतील तर इन्कस्केप आणि गिम्प फुकट आणि कायदेशीर आहेत. कोणतंही घ्या, रेषा आणि वळणं काढायचं पेन टूल सगळीकडे साधारण सारखंच चालतं. सुरुवातीला ते हाताला जुमानत नाही, वळणं भलतीकडेच जातात. रोज थोडा वेळ एखादं पान, किटली, गणपतीची बाह्यरेषा गिरवत राहिलं की बोटांना त्याची सवय होते. याला दुसरा मार्ग मला माहीत नाही.

छपाईचं गणित

नवा डिझायनर इथेच सर्वांत जास्त अडतो, आणि इथेच त्याला लवकर आत्मविश्वासही येतो, कारण हे गणित शिकता येण्याजोगं आहे. त्याला प्रतिभा लागत नाही.

मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. ऑफसेट छपाईत सायन, मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक या चार शाया असतात. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा विजेसारखा निळा या चार शायांतून निघतच नाही, तो मळकट होतो. म्हणून छपाईचं काम पहिल्यापासून याच चार शायांच्या, म्हणजे सीएमवायके, मोडमध्ये करायचं. ग्राहकाला मोबाइलवर नमुना दाखवताना ‘कागदावर हा रंग थोडा उतरेल’ हेही तेव्हाच सांगून ठेवायचं.

बारीक काळा मजकूर नेहमी शंभर टक्के ब्लॅकमध्ये ठेवावा. तो चारही शाया मिसळून केला आणि मशिनवर एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली, की अक्षरांना रंगीत सावली येते आणि पत्ता वाचता येत नाही.

मग रिझोल्यूशन. हातात धरून वाचायच्या छपाईला साधारण ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतात. त्या हिशेबाने १,५०० पिक्सेल रुंदीचा फोटो ५ इंचांपर्यंत नीट छापला जाईल, त्यापुढे मऊ पडेल. फ्लेक्सचं वेगळं. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला केला तर फाइल ३६,००० बाय २१,६०० पिक्सेलची होते आणि साधा संगणक मान टाकतो. तोच ७२ डीपीआयला ८,६४० बाय ५,१८४ पिक्सेलमध्ये बसतो, आणि रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. माणूस किती अंतरावरून पाहणार, यावर हा आकडा ठरतो.

कागद कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून काठापर्यंत जाणारा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढून ठेवतात. त्याला ब्लीड म्हणतात. नाव आणि फोन नंबर काठापासून तेवढेच किंवा थोडे जास्त आत ठेवायचे. आपल्याकडचं व्हिजिटिंग कार्ड बहुधा साडेतीन बाय दोन इंचांचं असतं, इतक्या छोट्या जागेत हे मिलिमीटर फार मोलाचे ठरतात. शेवटी फॉन्ट ‘कर्व्ह’ करून (अक्षरांचे नुसते आकार करून) पीडीएफ द्यायची, म्हणजे प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं जशीच्या तशी राहतात. मूळ, बदल करता येण्याजोगी फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. कर्व्ह केलेल्या मजकुरातली वेलांटी नंतर दुरुस्त करता येत नाही.

कोर्स चालू असताना एखाद्या प्रेसवाल्या काकांशी ओळख करून घ्या. प्लेट कशी लावतात, १३० आणि ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद हाताला कसा लागतो, क्रिझिंग न करता, म्हणजे घडीची रेघ आधी न दाबता, जाड कागद दुमडला तर घडीवर कसा फुटतो, हे अर्ध्या दिवसात कळतं आणि जन्मभर उपयोगी पडतं.

देवनागरी : मराठी डिझायनरची हक्काची जागा

उमेद कशावर ठेवावी असं मला कुणी विचारलं, तर मी देवनागरीकडे बोट दाखवेन. इंग्रजीत सुबक काम करणारे जगभर आहेत. मराठी मजकूर शुद्ध, देखणा आणि वाचनीय मांडणारे आपल्याच शहरांत कमी पडतात. कोणत्याही चौकातल्या पाट्या पाहा : तुटलेली जोडाक्षरं, चुकलेल्या वेलांट्या, एकमेकांत घुसलेल्या ओळी. काम भरपूर आहे आणि ते नीट करणाऱ्याची वाट पाहतं आहे.

पहिली अडचण तांत्रिक असते. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये मराठी मजकूर टाकला की कधी पहिली वेलांटी भलत्या बाजूला लागते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. फॉन्टला दोष देण्याआधी सेटिंग पाहा. या दोन्हींमध्ये आणि इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ नावाचा पर्याय आहे. तो निवडला की अक्षरं जागेवर येतात. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलं मराठीला घाबरून इंग्रजीकडे वळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. छापखान्यांत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमधल्या जुन्या फाइल अजून सापडतात. त्यांची मांडणी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या समान अक्षरसंकेताच्या, आधीची असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर प्रूफ वाचायलाच हवं. रफार आणि ‘ऱ्य’ सारख्या जागी घोळ होतो.

आता सौंदर्याकडे. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावं लागतं. अक्षरांमधलं अंतर ताणू नये, शिरोरेषा तुटते. इंग्रजीतल्या कॅपिटलसारखा उठाव देवनागरीला नाही, म्हणून मथळा उठून दिसायला आकार, वजन आणि मोकळी जागा यांवर विसंबावं लागतं. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळे आहेत. मराठी वाचकाला आपलं वळण दिसलं की पान घरचं वाटतं. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट वापरता येतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणांसाठी वेगळा केलेला आहे. यात्रा वन या फॉन्टमागे मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची प्रेरणा आहे.

या अक्षरांना मोठी परंपरा आहे आणि ती आपल्याच माणसांची आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरातक्षेत्रात काम केलं, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलं, आणि विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट घडवला. २०२० मध्ये निवर्तलेले कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं रेखाटत. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतच कळायचा. अच्युत पालव यांना सुलेखनासाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कोर्सच्या वहीत आठवड्यातून एक शीर्षक तरी हाताने काढून पाहा : ‘पाऊस’ हा शब्द ओला कसा दिसेल, ‘दगड’ जड कसा वाटेल. संगणक बंद असतानाही हा अभ्यास होतो.

दुसऱ्या महिन्यातली मरगळ

पहिला महिना नवलाईत जातो. दुसऱ्यात अनेकांचा धीर सुटतो. याचं कारण साधं आहे : चांगलं काम पाहून नजर भराभर तयार होते, हात तेवढा लवकर तयार होत नाही. कालपर्यंत छान वाटलेलं स्वतःचं पोस्टर आज उघडंबोडकं वाटतं. हे आपण मागे पडल्याचं लक्षण नाही, दिसायला लागल्याचं आहे. त्यातच रात्री मोबाइलवर देशोदेशीच्या डिझायनरांची निवडक कामं पाहत बसलं की मन आणखी खचतं. त्यांच्या मागची वर्षं तिथे दिसत नाहीत.

या काळात रद्दीतून एखादी पत्रिका, अगरबत्तीचा पुडा किंवा औषधाचं खोकं घ्या आणि ते मापासकट जसंच्या तसं पुन्हा करा. ‘काय सुचवू’ ही धास्ती त्यात नसते, आणि मांडणीचे निर्णय आपोआप शिकून होतात. पहिल्या आठवड्यातली एक फाइल न पुसता ठेवा आणि तेच काम दुसऱ्या महिन्याच्या शेवटी नव्याने करा. दोन्ही छापून भिंतीवर शेजारी लावा.

अभिप्राय घेताना ‘कसं झालंय?’ असं विचारू नका, घरचे ‘छान’ म्हणतील. आजीच्या हातात पत्रिका द्या आणि मुहूर्त किती वाजताचा आहे, ते विचारा. तिला शोधावं लागलं तर वेळेचा आकडा लहान आहे किंवा चुकीच्या जागी आहे. अशी टीका लागत नाही, कारण ती कामाबद्दल असते, तुमच्याबद्दल नसते.

एआयची भीती

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या धंद्याने असे धक्के पूर्वी सोसले आहेत आणि त्यात माणसांचं नुकसान झालं आहे. १९८५ मध्ये पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं, पुढे डीटीपी गावोगाव पसरलं, आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कुशल हातांचं काम गेलं. नंतर फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणारे पेंटर अडचणीत आले. त्यांच्यातले काही कोरलड्रॉ शिकले, आणि अक्षराची जाण आधीपासून असल्यामुळे त्यांच्या फ्लेक्सवरची अक्षरं वेगळी उठून दिसली. ज्यांना नवं साधन शिकवणारं कुणी भेटलं नाही, ते मागे राहिले. म्हणूनच छोटे कोर्स मला महत्त्वाचे वाटतात.

आज एआय क्षणात चित्र देतं. त्या चित्रातल्या मराठी मजकुरात काना-मात्रा आणि जोडाक्षरं मात्र अजूनही बऱ्याचदा चुकतात. शिवाय ग्राहकाला छापता येणारी फाइल हवी असते : योग्य माप, ब्लीड, चार शायांचे रंग. आत्याचं नाव मामीच्या आधी का आलं, यावर लग्नघरात काय होईल, हे जाणणारा माणूसही लागतो. पार्श्वभूमी काढणं, दहा रंगसंगती पटकन पाहणं अशी कामं एआयकडून खुशाल करून घ्या. निव्वळ तयार साच्यात नाव बदलून देण्याचं काम करणाऱ्यांची कमाई घटेल, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका.

पहिलं काम मिळवताना

पोर्टफोलिओत सहा-सात कामं पुरेत, पण खरी वाटावीत अशी : गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राचं मेनूकार्ड, शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका, बचत गटाच्या पापडांचं लेबल. प्रत्येकासोबत दोन ओळी लिहा : कुणासाठी केलं, अडचण काय होती, काय ठरवलं. दिवाळीआधी आणि लग्नसराईत प्रेसमध्ये हातांची गरज असते, विचारायला जायचं ते थोडं आधी.

फुकट काम एखाद्या सामाजिक संस्थेसाठी स्वखुशीने जरूर करा, धंदेवाल्यांसाठी करू नका. दर बोलताना दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हेही ठरवा आणि काही रक्कम आगाऊ घ्या. मजकूर फोनवर ऐकून टाइप न करता लेखी मागवा. नावं आणि फोन नंबर पुन्हा तपासा, तारखेचा वार कॅलेंडरशी ताडून पाहा. छपाईला देण्यापूर्वी ग्राहकाकडून प्रूफ वाचून घ्या आणि त्याची मंजुरी लेखी घ्या, साधा व्हॉट्सॲप मेसेज असला तरी चालेल. छापून आलेल्या कामाच्या दोन-चार प्रती प्रेसकडून मागून घ्या, पुढच्या ग्राहकाला दाखवायला त्याच लागतात.