एल्म वृक्ष आणि त्यावर जगणारा पतंग

वृक्षावर रोग पडला असता लाकडाची हानी तत्काळ ध्यानी येते. परंतु त्याच वृक्षावर उपजीविका करणाऱ्या जीवांची हानी सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. इंग्लंडमधील एका दुर्मिळ पतंगाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे.

‘व्हाइट-स्पॉटेड पिनियन’ हा तांबूस-तपकिरी रंगाचा लहान पतंग होय. त्याच्या पुढील पंखांच्या कडेवर दोन ठळक पांढरे ठिपके असतात. त्याची अळी एल्म वृक्षाच्या पानांवर वाढते. आपल्याकडील वावळ ज्या कुळातील, त्याच कुळातील हा वृक्ष इंग्लंडमध्ये शेतांच्या कुंपणांत आढळतो. पतंग जुलैपासून उडू लागतात, अंडी हिवाळाभर डहाळ्यांवर राहतात आणि वसंत ऋतूत पालवी फुटताच अळ्या बाहेर पडतात. जुन्या वृक्षांच्या बुंध्यावरील कोवळे धुमारे त्यांस विशेष मानवतात.

सन १९६० नंतरच्या दशकात, साल न काढलेल्या ओंडक्यांबरोबर उत्तर अमेरिकेतून एक घातक बुरशी ब्रिटनमध्ये आली. सालीखाली राहणारे भुंगेरे तिचा प्रसार करतात. झाडातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पडतात व झाड वाळते. अशा रीतीने अडीच कोटींहून अधिक एल्म नष्ट झाले. आश्रयच गेल्यामुळे हा पतंगही अनेक भागांतून दिसेनासा झाला. केंब्रिजशायर व बेडफर्डशायर या परगण्यांत मात्र तो अद्याप टिकून आहे.

मेलेल्या एल्मच्या मुळांपासून नवे फुटवे येतात. परंतु त्यांचे खोड जाड होताच भुंगेरे परत येतात व झाड पुन्हा मरते. यास्तव जी निरोगी जुनी झाडे उरली आहेत, त्यांचे मोल फार मोठे आहे. ब्रायटन शहरात रोगट झाडे वेळीच तोडून लाकडाची विल्हेवाट लावण्यात आली, म्हणून तेथे हजारो एल्म आजही उभे आहेत.

यावरून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. रोगट झाडाचे सालीसकट लाकूड दुसऱ्या गावी नेऊ नये.

२. कुंपणाची छाटणी एकाच वर्षी सर्वत्र न करता आळीपाळीने करावी. कारण डहाळ्यांबरोबर कीटकांची अंडीही तोडली जातात.

३. बांधावरील जुने निरोगी झाड निरुपयोगी समजून तोडू नये. त्यावर कोण जगते, हे आधी पाहावे.