बांधावरचं वाळलेलं गवत

माघातला शनिवार. सव्वासात वाजलेत. सोनईच्या शिवारातल्या या वस्तीवर ऊन अजून गोठ्याच्या पत्र्यापर्यंतच पोचलंय, अंगणात दव तसंच आहे. हवेत कारखान्याच्या मळीचा वास आहे आणि रस्त्यावरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या एकामागून एक मुळा कारखान्याकडे चालल्यात. पडवीत चहा चाललाय. चौघं पाहुणे, पण पाहुण्यांसारखं कुणी बसलेलं नाही. तात्या उकिडवे बसून बशीतून चहा ओढतायत, आत्याबाई चुलीपाशीच टेकल्यात, निवृत्त मास्तर चष्मा पुसतायत आणि त्यांच्यातला सगळ्यात तरुण शेतकरी मोटरसायकलला बांधून आणलेली कुदळ सोडतोय.

गोठ्याशेजारी दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे, त्यावर ओलं गोणपाट. घरची सूनबाई गोणपाट सारते, बांबू आत घालते आणि एकाच दिशेने, सावकाश ढवळू लागते. आंबूस-गोडसर वास अंगणभर पसरतो. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. जीवामृताला आज दुसरा दिवस आहे. उद्या ते पाटाच्या पाण्यातून रानात जाईल.

"चला, ऊन व्हायच्या आत उरकू," तात्या उठतात. "आन् सूनबाई, फॉर्म तूच लिही. तुझं अक्षर वाचता येतं."

आज या वस्तीची तपासणी आहे. गटात सात कुटुंबं, बहुतेक दोन-तीन एकरवाली. वर्षातून ठरल्या दिवशी गटातलेच शेतकरी एकमेकांच्या रानात शिरतात, माती उकरतात, गोठा पाहतात, फवारणीचा पंप हुंगतात आणि जे दिसेल ते लिहून सही करतात. शासकीय भाषेत ही सेंद्रिय शेतीची सहभागी हमी पद्धत, गावात सगळे 'पीजीएस' म्हणतात. २०१५ मध्ये केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली, पन्नास-पन्नास एकरांचे गट बांधले जाऊ लागले आणि ही पद्धत राज्यात गावोगाव पोचली. परदेशी माल पाठवायचा तर बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा खर्च अडीच एकरवाल्याला झेपत नाही. इथे हमी शेजाऱ्याची. किमान पाच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन शपथ घ्यायची आणि एकमेकांना सांभाळायचं, एकमेकांवर लक्षही ठेवायचं. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करायला सांगणं किती अवघड आहे, हे आज मला कळणार आहे.

घरचे अण्णा पुढे, आम्ही मागे. सुरुवात उसापासून. एकराचा खोडवा आहे. पाय ठेवला की खाली चरचर वाजतं, कारण सऱ्यांमधून पाचटाचा जाड थर पसरलेला आहे. बांधापलीकडच्या रानातला ऊस गेल्या आठवड्यात तुटलाय आणि तिथलं पाचट पेटवून दिलेलं आहे. काळं रान, त्यातून वर आलेले बुडखे, कडेच्या बाभळीची एक बाजू होरपळलेली. एका बांधाच्या दोन बाजू.

तरुण शेतकरी पाचट बाजूला करून कुदळीचा एक घाव घालतो. ढेकूळ उलटतं. आत्याबाई गुडघ्यावर बसून ते हातात घेतात, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच फोडतात. माती भुसभुशीत होऊन पडते, आत पांढरी मुळं आणि दोन गांडुळं. तिसरं आत शिरायला बघतंय.

"आता तिकडची आण बघू."

तो बांध ओलांडून जळलेल्या रानातलं ढेकूळ आणतो. आत्याबाई तेही फोडू पाहतात. फुटत नाही. त्या ते माझ्या हातात देतात. विटेसारखं कडक, उन्हात धरलं तर कडेला पांढुरकी साय.

या पांढऱ्या सायीची गोष्ट अण्णा सांगतात. मुळा धरणाचा उजवा कालवा येण्याआधी इथे बाजरी, मटकी, हुलगे होते, आणि पाऊस दगा देई तेव्हा तेही नव्हते. सत्तरच्या दशकात पाणी आलं, मागून ऊस आला, कारखाना आला. "घरावर पत्रे आले ते उसानं. पोरांच्या शाळा झाल्या त्या उसानं. उसाला नावं ठेवायची माझी छाती नाय." पण आवर्तन सुटलं की पाणी मोकाट द्यायचं, युरियाच्या गोण्या रित्या करायच्या, तुटलं की पेटवायचं, असं चाळीस वर्षं चाललं. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत क्षार वर आले. खालच्या अंगाचं रान चोपण झालं, त्यात ज्वारीसुद्धा उगवेना. माती परीक्षणाच्या कागदात सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली घसरला की जमीन दुबळी समजायची. अण्णांचा कागद तसाच आला होता. त्यांनी त्या तुकड्यात चर खणले, दोन वर्षं ताग आणि धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडला, आणि एकरी तीन-चार टन पडणाऱ्या पाचटाला काडी लावणं बंद केलं.

हा ऊस एकदा कारखान्याच्या गव्हाणीत पडला की सगळ्यांच्या उसात मिसळतो, त्याला वेगळा भाव नाही. थोडा ऊस राहुरी-शिंगणापूर रस्त्यावरच्या रसवंतीला जातो. त्या रस्त्यावर बैलाने फिरणारे लाकडी चरक अजून आहेत आणि आज शनिवार, म्हणजे शनिदर्शनाला निघालेल्या गाड्यांची तिथे रीघ असेल. बाकी उसातून अण्णांना जादा पैसा नाही. मग कशासाठी? ते जमिनीकडे बोट दाखवतात, बोलत नाहीत.

मास्तर विचारतात, "हुमणी?"

"आहे. वरच्या टोकाला दोन बेटं वाळलीत." अण्णा स्वतःच तिकडे नेतात. ऊस हाताने हलवला की उपटूनच येतो, मुळं खाल्लेली. राहुरीच्या विद्यापीठाने सांगितलेली मेटारायझियमची हिरवी बुरशी त्यांनी शेणखतातून टाकलीय, पण पावसाळ्याच्या तोंडाला टाकायला हवी होती, उशीर झाला. सूनबाई लिहिते: हुमणी, दोन बेटं, उपाय उशिरा. लपवायचं काही नाही अशा आवाजात सगळं चाललंय. मला हे फार आवडतं. शेतीच्या प्रदर्शनांत फक्त टपोरी कणसं मांडलेली पाहिलीत मी. वाळलेलं बेट मुद्दाम दाखवायला नेणारा शेतकरी आज पहिल्यांदा पाहतोय.

हरभऱ्यात शिरताना आत्याबाई मला चपला काढू देत नाहीत. पानांवर आंब आहे, पाय चुरचुरतील. रानात जागोजागी इंग्रजी टी अक्षरासारखे लाकडी पक्षीथांबे रोवलेत, त्यातल्या एकावर कोतवाल बसलाय. घाटे अळी तो टिपतो, उरलेलं काम पाच टक्क्यांच्या निंबोळी अर्काचं. तो थांब्यावरून उडतो, दोन हात पुढे काहीतरी उचलतो आणि परत येऊन बसतो. तरुण शेतकरी चार घाटे सोलून पाहतो. एकाला भोक. "एवढं चालायचंच," म्हणतो आणि उरलेले तीन माझ्या हातावर ठेवतो.

परसात वालाचा वेल मांडवावर गेलाय, शेंगा जांभळट. बी अकोल्याकडून आलेलं आहे, याच जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ज्या भागात गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली ज्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या भागातून. सूनबाई सांगते, पहिल्या वर्षी मूठभर मिळालं होतं, आता गटातल्या सातही घरी आहे. मडक्यात राख घालून ठेवते.

आणि मग कांदा.

रांगडा कांदा काढणीला आलाय. माना पडायला लागल्यात, पातीवर पिवळट झाक आहे. निळे-पिवळे चिकट सापळे फुलकिड्यांनी भरलेत. तात्या वाफ्यावाफ्यातून पुढे जातात, एक कांदा उपटून वास घेतात, अण्णांना म्हणतात, "पत्ती चांगली आलीय." सगळे सैलावतात. कुणीतरी हुळा भाजायची गोष्ट काढतं.

आत्याबाई मात्र पश्चिमेच्या बांधाशी थांबल्यात.

बांधावरचं गवत वाळलंय. माघात गवत वाळतंच, पण हे सरळ रेषेत वाळलंय. दीड हात रुंद, पन्नासेक पावलं लांब, गंजासारखा तांबूस पट्टा. दोन्ही टोकांना हिरवी हरळी तशीच आहे. आत्याबाई वाकून एक काडी ओढतात. मुळं जागेवर, काडी उभ्या उभ्या मेलेली.

"हे उपटलेलं नाय," त्या म्हणतात. "हे मारलेलं आहे."

कुणी काही बोलत नाही. दूरवर ट्रॅक्टरचा आवाज येत राहतो. तात्या शेजारच्या रानाकडे बघतात, तिथून उडून आलं असेल तर सोपं आहे, फॉर्मात त्याचा रकाना आहे. पण त्या बाजूला अण्णांनीच लावलेली शेवरीची दाट रांग आहे आणि शेवरी हिरवीगार आहे. पट्टा रांगेच्या अलीकडे आहे.

अण्णांचा चेहरा उतरलाय. त्यांना माहीत नव्हतं, हे दिसतं.

सूनबाईच्या हातात फॉर्म आहे, पेन आहे. ती पानाकडे बघत म्हणते, "ह्यांनी मारलंय. तणनाशक."

नवरा मागेच उभा आहे, सकाळपासून कुदळ, पाणी, पिशव्या पोचवणारा. तो पुढे येतो. पंधरा दिवसांमागे या बांधावर सापाची कात सापडली होती. पोरं शाळेला याच बांधावरून जातात, धाकटी पाच वर्षांची. हरळी गुडघ्याएवढी झालेली, खुरपायला माणूस मिळेना, सगळे कांद्यात आणि ऊसतोडीत. मित्राच्या पंपात अर्धं औषध उरलेलं होतं. "दहा मिनिटांचं काम. पिकावर नाय मारलं, तात्या. बांधावरच मारलं."

"मग बायकोला सांगितलंस, बापाला का नाय?" आत्याबाई विचारतात.

तो खाली बघतो.

मला वाटतं, आता कुणीतरी म्हणेल जाऊ द्या. कारण खरं आहे, पोरगी लहान आहे, बांध पिकात धरायचा का हा प्रश्नही आहे. तरुण शेतकरी तसं म्हणायला तोंड उघडतोही. त्याच्या गळ्यातून शब्द निघायच्या आत मास्तर बोलतात. ते रागावत नाहीत, हिशेब मांडल्यासारखं सांगतात. दर रविवारी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गटाची भाजी जाते. घेणाऱ्या घरांमध्ये एक म्हातारं जोडपं आहे, एक बाळंतीण आहे. त्यांतलं कुणी इथे येऊन कुदळ मारणार नाही, त्यांच्या वतीने आपण मारायची. एकाच्या बांधावर आपण डोळा झाकला तर सातही घरांचा कांदा खोटा.

तात्या बराच वेळ तंबाखू मळत राहतात. मग त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण येते. लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, १९५० मध्ये त्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा वडील नात्यातल्या लोकांबरोबर तो बघायला गेले होते. घरी येऊन त्यांनी यंत्राचं कौतुक केलं नाही, काट्याचं केलं. काटा आपला आहे, म्हणाले, आता वजनात कुणी मारणार नाही. "आपला काटा हा असा आहे," तात्या फॉर्मावर बोट टेकवतात. "आपणच त्याच्यावर पाय दिला तर कुणाकडं जायचं?"

मग निर्णय व्हायला वेळ लागत नाही. बांधालगतचे चार वाफे वेगळे. तो कांदा वेगळ्या गोणीत, गटाच्या शिक्क्याशिवाय, घोडेगावच्या बाजारात साध्या भावाने. त्या पट्ट्याचा सेंद्रिय होण्याचा काळ आजपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. आणि बांध खुरपायला पुढच्या मंगळवारी सातही घरांतून एकेक माणूस येणार, कारण माणूस मिळत नाही हे खरं आहे आणि ते एकट्याच्या माथी टाकून चालणार नाही. हे शेवटचं आत्याबाईंनी घातलेलं आहे.

"लिहायला मी घेऊ का?" मास्तर हळूच विचारतात. घरचाच दोष घरच्याच बाईने लिहायचा, हे त्यांना बरं वाटत नसावं.

सूनबाई मान हलवते. फॉर्म मांडीवर घेऊन तिथेच बांधाच्या उंचवट्यावर बसते आणि लिहू लागते. अक्षर खरंच चांगलं आहे, गोल, सुटं. तारीख, गट नंबर, पश्चिम बांध, पन्नास पावलं, तणनाशक. मारणाऱ्याचं नाव लिहिताना ती थांबत नाही. पान वळवून एकेकापुढे धरते. तात्यांची सही, मास्तरांची सही, तरुणाची सही. आत्याबाई अंगठ्याऐवजी आता नाव लिहितात, त्याला वेळ लागतो, सगळे थांबतात. शेवटी अण्णा. ते फॉर्म दोन्ही हातांनी धरून पूर्ण वाचतात, मग सही करतात.

ऊन आता वाफ्यांत उतरलंय. हुळ्याची गोष्ट पुन्हा निघते आणि आत्याबाई हरभऱ्याकडे वळतात. नवरा घरात जाऊन तुरीच्या काड्या आणि जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या घेऊन येतो. बांधापासून मोजत एक, दोन, तीन, चार, आणि चौथ्या वाफ्याच्या कडेला काडी रोवून चिंधी बांधतो. दुसऱ्या टोकाला दुसरी.

सूनबाई पेन केसांत खोवून त्याच्याकडे बघत उभी आहे.

"अहो," ती म्हणते, "त्या दिवशी वारं आपल्याकडं होतं."

तो तिच्याकडे बघतो, मग बांधाकडे. काडी उपटतो आणि पाचव्या वाफ्याच्या कडेला नेऊन रोवतो.