आधी क्रियापद पक्कं

पुण्यात स्पॅनिशच्या ‘बी-१’ पातळीचा वर्ग घेताना माझं निम्मं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: कोणत्या चुकीला टोकायचं आणि कोणती कानाआड करायची. विद्यार्थिनी फोटोचं वर्णन करतेय. स्वयंपाकघर, आजी, आजीचा पिठाने माखलेला हात. ‘मानो’ म्हणजे हात. शेवटी ‘ओ’ ऐकू येतो म्हणून ती बेधडक पुल्लिंगी ‘एल’ लावते. हवं ‘ला मानो’. मी गप्प. मग ‘काल मी बहिणीशी बोलले’ सांगताना ती ‘आब्ले’च्या जागी ‘आब्लो’ म्हणते, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. इथे मात्र लगेच थांबवतो.

स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तो’ फारसं उच्चारत नाही. कर्ता क्रियापदाच्या शेवटातच असतो. ‘आब्लो’च्या शेवटी जोर दिला तर ‘तो बोलला’ किंवा ‘ती बोलली’, सुरुवातीला दिला तर ‘मी बोलतो’. लिंग चुकलं तर ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. क्रियापद चुकलं की कोण बोललं, कधी बोललं, सगळाच घोळ.

मराठी माणसाला व्याकरणात बरंच काही आयतं मिळतं. ‘मला आंबे आवडतात’ यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं. ‘मे गुस्तान लोस मांगोस’मध्येही तसंच. ‘गेलो’ म्हणजे ‘फुई’, ‘जायचो’ किंवा ‘जात होतो’ म्हणजे ‘ईबा’. इंग्रजीतली पुस्तकं या दोन भूतकाळांवर पानंच्या पानं खर्च करतात. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणणाऱ्याला स्पॅनिशमधल्या इच्छार्थी रूपाचाही बाऊ वाटू नये. तरी आपण स्पॅनिश इंग्रजीच्या खिडकीतून शिकतो आणि मग अवघड म्हणतो!

इथे वाचलेला वेळ शब्दांना द्यावा. पण वहीत नुसते शब्द उतरवून काही होत नाही. माझ्या वर्गात नाम लिहायचं ते ‘एल’ किंवा ‘ला’सकट, क्रियापद त्याच्या जोडीदारासकट: ‘पेन्सार एन’, म्हणजे एखाद्याचा विचार करणं, ‘सोन्यार कोन’, म्हणजे एखाद्याचं स्वप्न पाहणं. हा ‘कोन’ एरवी ‘शी’, ‘बरोबर’ या अर्थाचा, त्यामुळे तर्काने तो सुचणारच नाही. पाठच हवा. अशा नोंदीत व्याकरण आणि शब्द वेगळे उरतच नाहीत.

सेरवान्तेस संस्थेच्या ‘देले’ परीक्षेत तोंडी भागाला सुसंगती आणि ओघाबरोबर अचूकपणा आणि शब्दांचा आवाका हे दोन्ही स्वतंत्रपणे तपासतात. वाचन-लेखनाचे ५० गुण, श्रवण-संभाषणाचे ५०, आणि दोन्हींत किमान ३० हवेतच. घरी तक्ते घोकून लेखनात मिळवलेले गुण बोलण्याच्या मदतीला येत नाहीत.

शब्दांचा हव्यास मात्र आवरावा लागतो. स्पेनमधली ‘आउतोबुस’ मेक्सिकोत ‘कामियोन’ होते, अर्जेंटिनात ‘कोलेक्तीवो’, क्युबात ‘ग्वाग्वा’. हौशी मंडळी चारही एका ओळीत लिहून काढतात आणि बोलायच्या वेळी एकही आठवत नाही. मी आधी विचारतो, मालिका कुठल्या देशाच्या बघता? त्या देशाची बस आधी पकडा.