इलेक्ट्रिक गिटार घेताना नाव नव्हे, मान पाहा

घरातला मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटार मागू लागली की आईबापांच्या पोटात गोळा येतो. वस्तू महाग, तिच्यातले आपल्याला काही कळत नाही, आणि दुकानदार पुढे करील ती घेण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटते. त्यातून मुलांना हवी असते ती जुन्या घाटाची, फेंडर किंवा गिब्सनसारखी. अस्सल अमेरिकन बनावटीची किंमत लाखाच्या वर जाते. स्वस्तातली घ्यावी तर ‘ही नकली’ म्हणून कुणीतरी नाक मुरडतो. हे नाक मुरडणे कितपत खरे आणि बेताच्या पैशांत चांगली गिटार कशी पारखावी, ते आम्ही येथे सांगत आहोत.

मुळात साधीच वस्तू

लिओ फेंडर हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या फुलर्टन गावचा. मंदीच्या काळात त्याची हिशेबनिसाची नोकरी गेली. तेव्हा ६०० डॉलर उसने घेऊन त्याने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वस्तू झटपट तयार व्हावी आणि बिघडली तर झटपट दुरुस्त व्हावी, हे तो कामातून शिकला होता. १९५० साली त्याने बाजारात आणलेली गिटार म्हणजे लाकडाची भरीव फळी आणि तिला चार स्क्रूंनी आवळलेली मान. मान खराब झाली तर स्क्रू काढून दुसरी बसवायची. हीच १९५१ पासून टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. १९५४ साली त्याच कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर निघाली. गिब्सन कंपनीची लेस पॉल १९५२ ची. तिची मान सरसाने चिकटवलेली, वरची बाजू कोरून गोल केलेली आणि वजन जास्त.

मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यावर राबलेला कृष्णवर्णीय गायक मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला आला. दिवसा कारखान्यात आणि ट्रकवर काम, रात्री गाणे. गर्दीच्या क्लबात साध्या गिटारचा आवाज पोहोचत नसे, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. पुढे लाल टेलिकास्टर ही त्याची ओळख झाली. आज शोभेच्या काचेआड ठेवतात ती गिटार अशी कामासाठी घडली आहे.

नकली कशाला म्हणावे?

फेंडर कंपनीनेच १९८२ साली स्क्वायर या नावाने आपल्याच गिटार कमी किमतीत काढायला सुरुवात केली. गिब्सनने १९५७ साली एपिफोन कंपनी विकत घेतली. लेस पॉलचे स्वस्त रूप आज त्या नावाने मिळते. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून आहे आणि तिचा घाट स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाचा आहे. बॉडीच्या या आकारावर एकट्या फेंडरचा हक्क मान्य करायला अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ साली नकार दिला. तेव्हा दुसऱ्या कंपनीने स्वतःचे नाव घालून तो आकार वापरला तर ती लबाडी नव्हे. लबाडी ती, जेथे साध्या गिटारवर मोठ्या कंपनीचे नाव चिकटवून विकतात. अशी गिटार कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

बजेट लहान असेल तर आम्ही स्क्रूच्या मानेची, म्हणजे टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार सुचवू. तिच्यात हातकाम कमी असते, त्यामुळे कमी किमतीतही ती नीट बनू शकते. लेस पॉलच्या घाटात कोरीवकाम आणि जोडकाम जास्त. स्वस्त करताना काटछाट होते ती तेथेच.

दुकानात काय पाहावे?

पहिली पाहावी मान. गिटार डोळ्यासमोर धरून टोकापासून नजर लावा. मान पिळलेली दिसली तर गिटार ठेवून द्या. किंचित बाक हा दोष नव्हे. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती किल्लीने फिरवून बाक कमी-जास्त करता येतो.

मग मानेच्या कडांवरून तळहात फिरवा. पडद्यांची टोके हाताला टोचता कामा नयेत. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवा. कुठे खरखरते किंवा मुकी पडते काय, ते ऐका.

तार बाराव्या पडद्याच्या वर नुसती बोटाने स्पर्शून वाजवा, मग तेथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर सारखे यायला हवेत. थोडा फरक असला तर घोडीवरच्या स्क्रूने तो काढता येतो. खुंट्या फिरवून तारा सुरात लावा, तारा हलक्या ओढा आणि पुन्हा सूर तपासा.

शेवटी गिटार ॲम्पला जोडून सगळी बटणे फिरवा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. पोलादी तार वर कंप पावली की तिच्यात वीज निर्माण होते. वस्तीतल्या बँजो पार्टीच्या बँजोवरचा पिकअपही याच तत्त्वावर चालतो. एकेरी गुंडाळीचा आवाज स्वच्छ येतो, पण विजेची गुणगुण ऐकू येते. दुहेरी गुंडाळीत ती गुणगुण मारली जाते आणि आवाज जाड होतो. आवडीचा प्रश्न आहे, वाईट कोणतीच नाही.

सगळे पैसे गिटारवर घालू नका

समजा, हातात १५,००० रुपये आहेत. तर १०,००० गिटारला, ४,००० लहान ॲम्पला आणि १,००० केबल, तारा व कारागिराकडून जुळणी करून घेण्यासाठी ठेवा. हेडफोनची सोय असलेला ॲम्प घ्या, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतही शेजाऱ्यांची झोपमोड न करता सराव होतो.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू. गिटारच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल किंवा तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडलेली असेल तर बिघाडाच्या वेळी वाजवणाऱ्याला झटका बसू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. गिटार आणण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, म्हणजे गंज लवकर धरणार नाही.

खरेदीला जाताना वाजवता येणारा कुणी ओळखीचा बरोबर न्या. शिकणाऱ्या मुलालाही न्या, आणि पंधरा मिनिटे गिटार मांडीवर घेऊन बसू द्या. खांदा दुखतो का, बोटे पोहोचतात का, हे त्याचे त्यालाच कळेल. ते ठीक असेल तर वरचे नाव कोणते आहे याची चिंता करू नका.