लोकांची शाळा, लोकांचा रेडिओ, लोकांची भिंत : उत्तर आयर्लंडमधला एक अनुभव



जून महिन्यात पहिलीचे प्रवेश करत होते. एक आई अर्ज हातात घेऊन बराच वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, "बाई, मराठी शाळेत घातलं तर पुढे त्याला कोण विचारणार?" मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. मातृभाषेतून समज पक्की होते, पाया चांगला होतो वगैरे. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं हे मला दिसत होतं.

त्याच सुमारास मी नीकॅप नावाच्या रॅप गटाविषयी वाचत होते. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातला हा गट आयरिश भाषेत रॅप करतो. त्यांच्यावर निघालेला चित्रपट २०२४ मध्ये जगभर गाजला. गटातल्या तिघांपैकी डीजे प्रोवी हा तर चक्क शाळेत शिक्षक होता! शाळेत कोणी ओळखू नये म्हणून तो हिरव्या-पांढऱ्या-केशरी रंगाची माकडटोपी घालून मंचावर यायचा. पुढे त्याने नोकरी सोडली.

त्यांची गाणी मुलांना ऐकवण्यासारखी नाहीत. शिव्या आहेत, नशेचे उल्लेख आहेत. पण मला वेगळाच प्रश्न पडला. ज्या भाषेला सरकारदरबारी जागा नव्हती, त्या भाषेत रॅप करणारी आणि ते समजणारी तरुण मुलं आली कुठून? शोधत गेले तर उत्तर एका छोट्याशा प्राथमिक शाळेपाशी सापडलं. तीच गोष्ट आज आपण समजून घेऊया.

१. थोडी पार्श्वभूमी

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडचा मोठा भाग पुढे स्वतंत्र देश झाला आणि उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. या उत्तर भागात दोन समाज आहेत. एक मुख्यतः कॅथलिक, ज्यांना एकसंध आयर्लंड हवा. दुसरा मुख्यतः प्रोटेस्टंट, ज्यांना ब्रिटनमध्येच राहायचं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी इथे जो हिंसाचार सुरू झाला तो १९९८ च्या शांतता करारापर्यंत चालला. सुमारे साडेतीन हजार माणसं त्यात मेली.

आयरिश ही या बेटाची जुनी भाषा. पण १७३७ च्या कायद्याने न्यायालयात फक्त इंग्रजीच चालेल असं ठरवलं होतं. उत्तर आयर्लंडमध्ये १९४९ साली रस्त्यांच्या पाट्याही इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत लावायला बंदी आली, ती १९९५ पर्यंत टिकली. बेलफास्टमध्ये घरात आयरिश बोलणारी कुटुंबं जवळजवळ उरलीच नव्हती.

२. पाच घरं आणि नऊ मुलं

पश्चिम बेलफास्टमधल्या काही तरुण जोडप्यांनी ठरवलं की आपली मुलं आयरिश बोलतच वाढवायची. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची मातृभाषा इंग्रजी होती. आयरिश त्यांनी मोठेपणी प्रयत्नाने शिकून घेतली होती. शॉज रोड भागात जमीन घेऊन पाच कुटुंबांनी शेजारी शेजारी घरं बांधली. १९६९ मध्ये ती राहायला आली. हेतू साधा होता. दार उघडून मूल बाहेर आलं की शेजारच्या मुलाशीही त्याला आयरिशच बोलता यावी.

त्याच वर्षी एक घटना घडली. बेलफास्टमध्ये एक बॉम्बे स्ट्रीट आहे, आणि जवळच काश्मीर रोडही आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या काळातली ही नावं. १५ ऑगस्ट १९६९ या दिवशी, म्हणजे आपण झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, दंगलीत बॉम्बे स्ट्रीटवरची कॅथलिक कुटुंबांची घरं जाळली गेली. ती पुन्हा बांधायला शॉज रोडची माणसं पुढे झाली, कारण घर कसं उभारायचं हे ती नुकतीच शिकली होती. 'बोलू नका, करून दाखवा' अशा अर्थाचं एक आयरिश वाक्य त्यांचं ब्रीद बनलं.

मग १९७१ मध्ये त्यांनी शाळा काढली, बुनस्कोल फोबल फेर्श्टे. बुनस्कोल म्हणजे प्राथमिक शाळा. उत्तर आयर्लंडमधली ही पहिली आयरिश माध्यमाची शाळा. पट किती? नऊ!

सरकारी मान्यता आणि अनुदान मिळायला १९८४ साल उजाडलं. मधली तेरा वर्षं ही शाळा पालकांच्या आणि वस्तीतल्या लोकांच्या वर्गणीवर चालली. आपल्यापैकी ज्यांनी विनाअनुदानित शाळेत काम केलंय, त्यांना तेरा वर्षं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

ही मुलं मोठी होत गेली तशी माध्यमिक शाळेची गरज निर्माण झाली. तीही १९९१ मध्ये अशीच सुरू झाली आणि योगायोग असा की तिथेही पहिल्या वर्षी नऊच विद्यार्थी होते. एका जुन्या प्रोटेस्टंट चर्चच्या इमारतीत आयरिश सांस्कृतिक केंद्र उघडलं होतं, त्याच इमारतीत हे वर्ग भरत. आज उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे सात हजार मुलं आयरिश माध्यमातून शिकतात.

३. शाळेपाठोपाठ वर्तमानपत्र आणि रेडिओ

शाळेत शिकलेली भाषा शाळेबाहेर वापरायला मिळाली नाही तर ती वहीतच राहते. हे आपण आपल्या वर्गातल्या इंग्रजीबाबत रोज पाहतो! बेलफास्टच्या लोकांनाही हे कळलं होतं.

१९७१ मध्ये सरकारने खटला न चालवता शेकडो लोकांना तुरुंगात टाकायला सुरुवात केली. आपल्या वस्तीत काय चाललंय हे मोठी वर्तमानपत्रं नीट सांगत नाहीत असं लोकांना वाटू लागलं. त्यातून १९७२ मध्ये 'अँडरसन्सटाउन न्यूज' हे वस्तीचं वर्तमानपत्र निघालं. ते इंग्रजीत होतं. पुढे १९८४ मध्ये गॅरोड ओ कॅरलान या कार्यकर्त्याने पुढाकार घेऊन 'ला' हे आयरिश भाषेतलं दैनिक सुरू केलं. 'ला' म्हणजे दिवस. वाचक थोडे, पैसा कमी, तरी ते वेगवेगळ्या रूपांत २००८ पर्यंत चाललं. अनुदान थांबल्यावर मात्र बंद पडलं. म्हणजे सगळेच प्रयोग टिकले असं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

रेडिओची सुरुवात तर विनापरवाना झाली. १९८० च्या दशकात काही मंडळी चोरून आयरिश कार्यक्रम प्रसारित करायची. त्या प्रयत्नांतून 'रेडिओ फॉल्चा' उभा राहिला. फॉल्चा म्हणजे स्वागत. २००६ मध्ये त्याला रीतसर परवाना मिळाला आणि बेलफास्टमध्ये आयरिश भाषेचा सामुदायिक रेडिओ सुरू झाला.

१९८८ हे साल पश्चिम बेलफास्टसाठी फार वाईट गेलं. वस्तीचं नाव बातम्यांत फक्त खून आणि अंत्ययात्रांसाठी यायचं. त्याच वर्षी लोकांनी स्वतःचा उत्सव सुरू केला. त्याच्या आयरिश नावाचा अर्थच लोकांचा उत्सव असा आहे. गाणी, नाटकं, मिरवणूक आणि त्याबरोबर राजकीय वादविवादही. तो आजही दर ऑगस्टमध्ये भरतो.

४. भिंती काय सांगतात

उत्तर आयर्लंडच्या घरांच्या भिंतींवरची मोठमोठी चित्रं प्रसिद्ध आहेत. सुरुवात प्रोटेस्टंट वस्त्यांत झाली. तिथे १९०८ पासून राजा विल्यमची चित्रं काढली जात. कॅथलिक वस्त्यांत ही चित्रं १९८१ च्या तुरुंगातल्या उपोषणानंतर मोठ्या प्रमाणात आली. त्या उपोषणात दहा कैदी मरण पावले होते.

इथे आपण शिक्षक म्हणून थोडं थांबायला हवं. लोकांनी काढलेलं चित्र म्हणजे चांगलंच असतं असं नाही. दोन्ही बाजूंच्या अनेक भिंतींवर तोंड झाकलेले बंदूकधारी होते. शाळेत जाणारं मूल रोज त्यांच्याखालून जात होतं. ही भिंत 'आमची' म्हणताना दुसऱ्याला 'इकडे येऊ नको' असंही ती सांगत होती.

पण डेरी शहरातलं एक चित्र मला विसरता येत नाही. (ब्रिटनच्या बाजूचे लोक या शहराला लंडनडेरी म्हणतात. नावातसुद्धा वाद आहे!) तिथल्या बॉगसाइड वस्तीतल्या तीन चित्रकारांनी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी काढली आहे. अ‍ॅनेट मॅकगॅव्हिगन. १९७१ मध्ये गोळी लागून ती गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या शेजारी एक बंदूक आणि डोक्याच्या वर एक फुलपाखरू आहे. चित्र पहिल्यांदा काढलं तेव्हा बंदूक अखंड होती आणि फुलपाखरात रंग भरलेला नव्हता. शांतता टिकेल की नाही याची चित्रकारांना खात्री नव्हती. काही वर्षांनी त्यांनी परत येऊन बंदूक मधोमध मोडलेली दाखवली आणि फुलपाखरू रंगवलं.

५. आता रॅपकडे परत येऊ

२०१६ च्या डिसेंबरमध्ये गरीब मुलांना आयरिश शिकायला पाठवणारी ५० हजार पौंडांची छोटी शिष्यवृत्ती सरकारने अचानक बंद केली. लोक चिडले. काही आठवड्यांत ती परत द्यावी लागली, पण आंदोलन थांबलं नाही. मे २०१७ मध्ये लाल कपडे घातलेले हजारो लोक भाषेच्या कायद्यासाठी बेलफास्टच्या रस्त्यावर उतरले. त्यात शाळांची मुलंही होती.

नीकॅपचं पहिलं गाणं त्याच वर्षीचं. नाव 'क्यार्ता', म्हणजे हक्क. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी : मोर्चाच्या आदल्या रात्री दोघं मित्र बसथांब्यावर हा शब्द रंगवत होते. एकाला पोलिसांनी पकडलं. तो इंग्रजी बोलेना, म्हणून दुभाषा मिळेपर्यंत त्याला कोठडीत बसावं लागलं. या गटातला मोगली बॅप हा गायक म्हणजे 'ला' दैनिक काढणाऱ्या ओ कॅरलान यांचा मुलगा. बापाने वर्तमानपत्र काढलं, मुलाने रॅप केला.

त्यांच्यावर टीकाही भरपूर होते. एकदा ब्रिटिश सरकारने त्यांना मंजूर झालेलं १४,२५० पौंडांचं अनुदान अडवलं. गट न्यायालयात गेला, आणि २०२४ मध्ये सरकारला आपली चूक मान्य करून तेवढी रक्कम द्यावी लागली. ती त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही. एका कॅथलिक आणि एका प्रोटेस्टंट वस्तीतल्या युवक संस्थांना अर्धी अर्धी दिली.

शेवटी २०२२ मध्ये भाषेचा कायदा झाला. आयरिशला अधिकृत मान्यता मिळाली आणि १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद झाली.

६. भाषा नेमकी कोणाची?

एक बाजू राहिली. आयरिश म्हणजे 'त्यांची' भाषा असं बऱ्याच प्रोटेस्टंट लोकांना वाटतं. पण पूर्व बेलफास्टमध्ये लिंडा अर्विन या प्रोटेस्टंट बाई अनेक वर्षं आयरिशचे वर्ग चालवतात. त्यांचं म्हणणं, भाषा कुठल्या एका पक्षाची नसते, ती आपलीही आहे. २०२१ मध्ये तिथे दोन्ही समाजांच्या मुलांसाठी आयरिश बालवाडी सुरू होणार होती. समाजमाध्यमांवर इतका विखारी प्रचार झाला की ठरलेली जागा सोडावी लागली. विचार करा, विरोध कशाला, तर तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बालवाडीला! तरीही त्याच वर्षी दुसऱ्या जागेत ती सुरू झाली.

७. आपल्यासाठी काय?

मराठीची स्थिती आयरिशसारखी नाही. आपल्याकडे कोट्यवधी बोलणारे आहेत, राज्यकारभार मराठीत आहे. त्यामुळे तुलना ओढूनताणून करायला नको. पण त्या आईचा प्रश्न आणि शॉज रोडच्या पालकांचा प्रश्न एकच होता. या भाषेत शिकून मूल पुढे काय करेल?

त्या पालकांनी फक्त शाळा काढून थांबलं नाही. मुलांना त्या भाषेत वाचायला, ऐकायला, गायला, भांडायला जागा तयार केल्या. मला वाटतं माझ्या उत्तरात हेच कमी पडलं होतं. मी आकलनाबद्दल बोलत होते आणि ती आई शाळेबाहेरच्या जगाबद्दल विचारत होती.

वर्गापुरत्या काही गोष्टी आपण नक्की करू शकतो :

- परिपाठाला आठवड्यातून एकदा 'गावाच्या बातम्या'. बातम्या मुलांनीच गोळा करायच्या, वाचायच्याही त्यांनीच.
- मोबाइलवर आजी-आजोबांची गाणी, ओव्या, बोलीतल्या गोष्टी रेकॉर्ड करून शाळेचा छोटा रेडिओ.
- शाळेच्या भिंतीवर काय असावं हे मुलांना ठरवू द्यावं. मात्र आधी एक प्रश्न विचारावा : "हे चित्र बघून आपल्या वर्गातल्या कोणाला परकं वाटेल का?"

त्या आईने शेवटी मुलाला आमच्याच शाळेत घातलं. माझ्या उत्तरामुळे नाही, शाळा घराजवळ आहे म्हणून. आता जुलैच्या पालकसभेत मी तिला वस्तीतल्या बातम्या गोळा करायच्या कामात मदत मागणार आहे.