चार बाजू मोजल्या, पण क्षेत्रफळ कळलं का?

मुकुंदवाडीत प्लॉट बघायला गेलं की एक तोंडी हिशोब कानावर पडतो. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करा, निम्मी करा. उरलेल्या दोन बाजूंचंही तसंच. मग दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार. झालं क्षेत्रफळ! सिडकोच्या काटकोनात आखलेल्या प्लॉटला हे चालून जातं. पण जुनं गावठाण, किंवा शेताचे बांध धरून पाडलेली गुंठेवारी असेल, तर चारही कोपरे काटकोनात मिळणं म्हणजे नशीबच.

एक उदाहरण घेऊ. बाजू ओळीने ४०, ३०, ३९ आणि ४१ फूट. सरासरीने ३९.५ गुणिले ३५.५, म्हणजे १४०२ चौरस फूट. आता ४० आणि ३० च्या कोपऱ्यासमोरून कर्ण मोजला आणि तो ५० फूट भरला. प्लॉटचे दोन त्रिकोण झाले. पहिला ३०-४०-५० चा, म्हणजे ६००. दुसरा ३९-४१-५० चा. हेरॉनच्या सूत्राने त्याची अर्धपरिमिती ६५ आणि क्षेत्रफळ बरोब्बर ७८०. एकूण १३८०. फरक बावीस फुटांचा. म्हणाल, जाऊ दे.

पण त्याच चार बाजू ठेवून कर्ण ६० फूट निघाला तर? तेच गणित पुन्हा करा: ५३३ अधिक ७९३, म्हणजे सुमारे १३२६. सरासरीचा हिशोब मात्र १४०२ वरच अडून बसलेला! मधले ७६ चौरस फूट म्हणजे साडेनऊ बाय आठची एक खोली. चौरस फुटाला दोन हजार रुपये भाव धरला, तर वडिलांच्या फंडातले दीड लाख रुपये नसलेल्या खोलीसाठी गेले.

आणि ही चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत नाही. बाजू क, ख, ग, घ समजा. समोरासमोरचे दोन कोपरे धरून क्षेत्रफळ लिहिलं तर ते ½(कख ज्या + गघ ज्या) असं येतं, दुसरे दोन धरून ½(खग ज्या + घक ज्या). ज्या म्हणजे त्या त्या कोनाचा साइन, तो १ च्या वर जात नाही. दोन्ही समीकरणांची बेरीज करा: क्षेत्रफळ ¼(क+ग)(ख+घ) पेक्षा जास्त होऊच शकत नाही, आणि हाच तर सरासरीचा गुणाकार. चारही कोन काटकोन असतील तरच बरोबरी. म्हणजे हे सूत्र नेहमी विकणाऱ्याच्या बाजूने झुकतं.

सूत्र काही आजचं नाही. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळावरच्या जमिनींच्या नोंदी याच पद्धतीने केलेल्या आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये याला स्थूल, म्हणजे ढोबळ म्हटलं आणि चार बाजूंचं एक सूक्ष्म सूत्रही दिलं. पण ते चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तेव्हाच खरं. आपल्या प्लॉटला ते १३८८ देतं. या चार बाजूंत याहून जास्त जागा बसतच नाही. इथे भास्कराचार्यांनी बोट ठेवलं. ११५० च्या 'लीलावती'त ते म्हणतात की कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा! हा माणूस आपल्याला तसा परका नाही. आपल्याकडून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, जवळच पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि नातू चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचीही.

सिव्हिलवाल्यांना यात नवं काही नाही. शंकू-साखळीच्या मोजणीत हेच करतात: कर्णावर साखळी टाकायची, दोन्ही कोपऱ्यांपासून लंब काढायचे. पहिल्या उदाहरणात लंब २४ आणि ३१.२ फूट, त्यांची बेरीज गुणिले ५० भागिले २, पुन्हा १३८०. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीचा वर्ग म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. गुंठ्याचा हा विचित्र आकडा आला तो असा.

प्लॉटमध्ये खोली किंवा बाभळीचं झाड उभं असेल आणि कर्ण ओढता येत नसेल, तर कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर १०-१० फुटांवर खुणा करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. ते १४ फूट २ इंचाच्या आसपास आलं तर काटकोन; नाहीतर त्यावरून कोन काढा आणि कोसाइनच्या नियमाने कर्ण. मात्र इथे इंचाची चूक कर्णात तीन-चार इंचांची होते, तेव्हा टेप ताणून आणि आडवा धरा. जमल्यास दुसरा कर्णही मोजा, पडताळा मिळतो. मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका, तो दोन-चार मीटर सहज इकडेतिकडे होतो आणि आपली बाजूच जेमतेम बारा मीटरची.

हा हिशोब भाव ठरवण्यापुरता. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. पण इसार देण्याआधी पाचवं माप घ्यायला एक टेप आणि दोन माणसं पुरतात.